किक मारणाऱ्याचा मान

राष्ट्रांच्या आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात, जेव्हा शतकभराचं वैर एका दुपारी मिटतं आणि ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांच्या कुंपणालाही कधी हात लावला नाही, ते एकाच हिरवळीवर येऊन उभे राहतात. आमच्या कॉलेजात हा क्षण स्टाफ मीटिंगच्या अगदी शेवटी, 'इतर विषय' या सदरात आला. त्याआधीचा विषय असा होता की, स्टाफरूमच्या फ्रिजमधलं दुसऱ्याचं दही कोण खातं. त्यावर चर्चा जास्त झाली.

"आणि हो," प्राचार्य प्रेंडरगास्ट कागद आवरत म्हणाले, "पुढच्या टर्मपासून आपण गेलिक फुटबॉलची टीम काढतोय." खेड्यातला एखादा नातेवाईक काही दिवस घरी राहायला येणार आहे, आणि तो स्वभावाने तसा बरा आहे, हे सांगताना माणसाचा जो सूर लागतो, तोच त्यांचा लागला होता.

ग्लेनार्वन कॉलेज म्हणजे शाळाच. डब्लिनच्या दक्षिणेला फी जास्त असली की शाळेला कॉलेज म्हणतात. साम्राज्य चालवण्याच्या लायकीची मुलं तयार व्हावीत म्हणून पाद्र्यांनी ती काढली. साम्राज्य गेलं, पुढे पाद्रीही गेले, रग्बी तेवढी राहिली. गेलिक हा आयर्लंडच्या मातीतला खेळ, रग्बी इंग्रजांचा. गेलिक खेळणाऱ्यांच्या संघटनेने एके काळी रग्बीची मॅच नुसती बघायला गेलेल्या सभासदालाही हाकललं होतं, आणि आमच्याकडे गेलिक खेळणाऱ्याला हाकलायची वेळच कधी आली नव्हती, कारण असा माणूस गेटच्या आत कशाला येईल.

आता तो आत आला होता, आणि ब्लेझर घालून आला होता. शनिवारी सकाळी आमचीच पोरं हमरस्त्यापलीकडच्या गेलिक क्लबात सापडू लागली होती, आणि त्यांचे आईबाप फूटपाथवर जीप चढवून मैदानाच्या कडेला कॉफी पीत उभे असत. आमच्या रग्बी टीमचा एके काळचा कॅप्टन आज हाडांचा मोठा सर्जन आहे. त्याने एका जेवणात प्रेंडरगास्टना सांगितलं की गेलिक खेळणारं पोरगं त्याच्या ऑपरेशनच्या टेबलावर क्वचित येतं. सर्जनने स्वतःच्या तोंडाने धंदा कमी होतो म्हणावं, यापरता पुरावा नाही. तरी प्रेंडरगास्ट डळमळत होते. मग समुद्राच्या कडेच्या आमच्या जुन्या प्रतिस्पर्धी कॉलेजाने गेलिकची टीम काढल्याचं कळलं आणि तत्त्वाचा प्रश्न सुटला.

मागच्या रांगेतून एक हात वर आला. तो सेनन हेहिरचा होता. मी इतिहास शिकवतो आणि सेनन भूगोल, त्यामुळे आमच्या खुर्च्या वर्षानुवर्षं शेजारी आहेत; पण मीटिंगमध्ये त्याचा हात वर गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

"टीम कोण बघणार?" त्याने विचारलं.

"ते बघू," प्रेंडरगास्ट म्हणाले, आणि दह्याचं काय करायचं ते एकदा पुन्हा सांगून त्यांनी मीटिंग संपवली.

सेनन पश्चिम क्लेअरचा. तिथे शेतं संपतात आणि अटलांटिक सुरू होतो, आणि मधल्या उरलेल्या सपाट जागेवर फुटबॉलचं मैदान असतं. तो तरुणपणी कौंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून, खेळलेला. डब्लिनला आला तो दोन वर्षांसाठी, असं तो अजूनही म्हणतो. डीन्सग्रेंजला एका केमिस्टच्या दुकानावर त्याचा फ्लॅट आहे. मी तिथे एकदाच गेलो होतो. खुर्च्या दोन होत्या, त्यातली एक वर्तमानपत्रांसाठी होती. त्याने ती माझ्यासाठी रिकामी केली आणि मग हातातला गठ्ठा कुठे ठेवावा ते न कळून गठ्ठा धरूनच उभा राहिला. एनिसची एक नर्स होती, ती ऑस्ट्रेलियाला गेली. तिथे ती अवेळी उठून फोनवर त्यांच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चखालच्या गावाच्या, मॅच बघते, असं तो एकदा म्हणाला. हे त्याला कसं कळलं ते तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

त्याला डब्लिनमध्ये काय जाचत असेल, तर सोमवार. त्याच्या गावाकडे सोमवार हा रविवारच्या मॅचचाच उरलेला भाग असतो. दुकानात, पोस्टात, कोणाच्या मयताला गेलं तर तिथेही, कालचा फ्री, म्हणजे फाउलबद्दल मिळालेली मोकळी किक, कोणी आणि का घालवला यावर माणसं बोलतात. आमच्या स्टाफरूममध्येही सोमवारी हेच चालतं, फक्त ते रग्बीचं असतं. सेनन हीटरशेजारी बसून पेपरातले पश्चिमेकडचे निकाल वाचायचा. कधीतरी कोणी चांगल्या मनाने विचारायचं, "काय सेनन, तुमचं ते... जिंकलं का?" तो म्हणायचा, "हरलं." समोरचा म्हणायचा, "छान, छान," आणि किटली लावायचा.

पूर्वी तो उन्हाळ्यातल्या रविवारी गाडी काढून गावाकडे मॅचला जायचा. मग तेही थांबलं. त्याच्या पॅरिशमध्ये पंधरा पोरं जमेनाशी झाली, तेव्हा क्लब शेजारच्या पॅरिशच्या क्लबशी जोडावा लागला. ज्या शेजाऱ्यांना हरवणं एवढ्यासाठी त्याचा बाप जगला, त्यांचीच आणि यांची आता एक जर्सी. अर्धी यांच्या रंगाची, अर्धी त्यांच्या.

"मी गेलो होतो एकदा बघायला," तो मला म्हणाला होता. "कोणावर ओरडायचं तेच कळेना, न्युजंट. तासभर गप्प उभा राहिलो. तिकडे गप्प राहायचं, तर इकडे काय वाईट आहे."

तेव्हा वयाच्या या टप्प्यावर माणसाला एक टीम हवी होती. गावाकडे मैदान होतं आणि पोरं नव्हती. इथे पोरं मोजवत नव्हती, आणि मैदानही आता मिळणार होतं. रेषेवर उभं राहून 'माझी पोरं' म्हणायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्याने ते मला सांगितलं नाही. पण मीटिंगनंतरच्या सोमवारी तो नवे बूट घालून आला.

तो प्रेंडरगास्टकडे गेला. ते संभाषण त्याने मला चहा ढवळता ढवळता सांगितलं.

"ती टीम मला द्या," सेनन म्हणाला.

"तुझ्याकडे कोचिंगचं प्रमाणपत्र आहे का?"

"मी क्लेअरकडून खेळलोय."

"ते मुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीने धरत नाहीत, सेनन."

त्याने प्रमाणपत्र मिळवलं. एका थंडगार हॉलमध्ये शनिवार-रविवार बसून, आपल्या विद्यार्थिनीच्या वयाच्या एका मुलीकडून, बॉल हातात कसा धरायचा ते तो शिकला. तिने त्याला 'उत्साह चांगला' असा शेरा दिला. तो परत येईपर्यंत टीम रॉस डेव्हलिनला दिली गेली होती. रॉस आमचा ज्युनिअर रग्बीचा कोच. खेळ विभागाच्या कारभारात एकसूत्रीपणा हवा, असं प्रेंडरगास्ट म्हणाले. रॉस माणूस चांगला आहे, हीच अडचण. तो वाईट असता तर सेननला निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

"पुढे पास दिलेला चालतो ना यात?" रॉसने पहिल्या सरावाला सेननला बाजूला घेऊन विचारलं.

"चालतो."

"आणि गुण कसे?"

"दांडीवरून गेला तर एक. दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन."

"सोपं आहे की," रॉस म्हणाला. "मला वाटलं होतं आयरिश भाषा यावी लागते."

आयरिश लागायची ती एकाच गोष्टीला. गेलिकमध्ये रेषेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला अंगात एक जाकीट घालावं लागतं, आणि त्याचं काम काय ते जाकिटावर आयरिशमध्ये छापलेलं असतं. कॉलेजने खोकंभर जाकिटं मागवली होती. रॉसने वरचं उचललं.

"हे काय लिहिलंय?"

"मॅनेजर," सेनन म्हणाला.

"आणि तुझ्या हातातलं?"

"पाणीवाला."

"मस्त," रॉस म्हणाला. "म्हणजे आपण टीम झालो."

सेननला अजून एक आशा होती, की जाकिटावर काहीही असो, पोरांना शिकवणार तोच. पण पोरांना शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. क्लबात त्यांना पगारी कोच होते आणि छातीला बांधायची यंत्रं होती, जी कोण किती धावला ते सांगत. सेननने त्यांना उंच बॉल हवेत झेलायला शिकवायचं ठरवलं. त्याच्या तरुणपणी माणूस उंच झेल घेतो की नाही यावर त्याची सोयरीक ठरायची. त्याने बॉल आभाळात मारला. पोरांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि बॉल खाली पडू दिला.

"सर," कॅप्टन फिआख्रा म्हणाला. हा त्या सर्जनचा मुलगा, वागायला अतिशय सभ्य. "आता असं वर मारत नाहीत."

"मग काय करतात?"

"ठेवतात. आपल्यापाशीच."

"किती वेळ?"

"मिळेल तितका."

सेननने हे एखाद्या नव्या आजाराचं नाव ऐकावं तसं ऐकून घेतलं. पुढच्या सरावापासून तो बाटल्या भरायचा, मैदानाच्या कडेला ओळीने मांडायचा आणि पोरं बॉल आपल्यापाशी ठेवत असताना बघत उभा राहायचा. पोरं बाटली घेताना न चुकता 'थँक्यू सर' म्हणायची. आमच्याकडे ते फीमध्येच येतं.

पहिली मॅच नोव्हेंबरात, प्रांताच्या शालेय स्पर्धेच्या सगळ्यात खालच्या गटात होती. हरेल तो बाहेर. समोर लॉंगफर्डकडची एक शाळा होती. कॉलेजचं मोठं मैदान पहिल्यांदाच गेलिकसाठी दिलं गेलं. माजी विद्यार्थी संघाने त्याला परवानगी दिली होती, फक्त रेषा धुऊन जाणाऱ्या रंगाने मारायच्या या अटीवर. अर्ध्या शाळेला तास माफ करून बघायला सोडलं होतं. पोरं कडेने दाट उभी होती, आणि त्यांच्या मागे आईबाप मोठमोठे कोट घालून.

आता आमच्या घराण्याच्या एका रीतीबद्दल बोलायला हवं. रग्बीत कोणी खांबांवर किक मारायला बॉल ठेवला की सगळं मैदान गप्प होतं. आपला माणूस असो की त्यांचा. त्यांचा असला तर जास्तच. नव्या पोराला आमच्याकडे हे पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं, प्रार्थनेच्या आधी. किकच्या वेळी खोकलेला मुलगा पुढे काही झाला असं ऐकिवात नाही. गेलिकमध्ये याच्या नेमकं उलट आहे. तिथे फ्री मारणाऱ्याच्या आईवरून, पायावरून, गावावरून आणि बैलावरून दोन्हीकडून ओरडा चालू असतो, आणि पोरगं पाळण्यातून उतरल्यापासून त्या ओरड्यातच किक मारायला शिकतं. हे आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. क्लबात खेळणाऱ्या आमच्या पोरांना ठाऊक होतं, पण ती ब्लेझरच्या मैदानावर होती आणि ब्लेझरसारखीच वागली.

लॉंगफर्डची पोरं मिनीबसमधून उतरली. सोबत त्यांच्या शिक्षिका ब्रीज मलेडी, दोन बाप आणि टोपी घातलेला एक आजोबा. पोरं आमच्या इमारतीकडे मान वर करून बघत होती. आमच्या पोरांनी एकेकाशी हात मिळवले, त्याने ती आणखी घाबरली.

त्यांचे फ्री मारणारा एमेट नावाचा पोरगा होता. डावखुरा, लाल कानांचा. पहिल्याच काही मिनिटांत त्यांना खांबांच्या अगदी समोर फ्री मिळाला. एमेटने बॉल हातात घेतला, दोन पावलं मागे गेला, आणि तेवढ्यात आमची अर्धी शाळा एकदम गप्प झाली.

एमेट थांबला. त्याने आजूबाजूला पाहिलं. मग त्याने आपल्या जर्सीकडे पाहिलं. मग मारली. बॉल खांबाच्या बाहेरून, माफी मागत गेल्यासारखा गेला. आमच्या लोकांनी मोजक्या टाळ्या वाजवल्या, प्रयत्नासाठी.

दुसऱ्याही वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. ही प्रार्थना आहे असं त्यांना वाटलं असावं.

मध्यंतराला आम्ही पुढे होतो. मी सेननच्या बाटल्यांपाशी उभा होतो, तेव्हा ब्रीज मलेडी तरातरा चालत आल्या.

"का हो पाणीवाले, इथे कोणी गेलंय का?"

"नाही बाई," सेनन म्हणाला. "मान देतायत."

"कशाला?"

"किक मारणाऱ्याला."

मलेडीबाईंनी आमच्या आईबापांकडे, त्यांच्या कोटांकडे आणि त्यांच्या कुत्र्यांकडे नीट पाहिलं. कुत्रीही गप्प होती.

"मग परत घ्यायला सांगा तो मान," त्या म्हणाल्या. "पोराला वाटतंय आपली चड्डी फाटलीय. दोनदा विचारलं त्यानं मला. याच्या घरात याची आई गप्प बसून जेवायला वाढत नाही, आणि इथे सगळा गाव तोंड शिवून बघतोय. हे काय माणसांचं वागणं झालं?"

"इथे असंच आहे."

"तुम्ही इथले वाटत नाही."

"क्लेअरचा. पश्चिमेकडचा."

"मग इथे काय करता?"

सेननने थोडा विचार केला. "भूगोल," तो म्हणाला.

बाईंनी एक बाटली उचलली, अर्धी प्यायल्या आणि परत गेल्या. सेनन त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "याच्यापेक्षा शिव्या बऱ्या रे. शिवी देणाऱ्याला निदान तुझं नाव तरी विचारावं लागतं."

दुसऱ्या हाफमध्ये लॉंगफर्डने फ्री घ्यायचाच नाही असं ठरवल्यासारखं खेळ केला. पाडलं तरी पोरं उठून पळायची. अशीच पळत पळत त्यांनी एक गोल केला आणि शेवटाला स्कोअर सारखा झाला. रेफ्रीने घड्याळ पाहिलं. आणि मग आमच्या फिआख्राने, इतक्या सभ्य मुलाने, एमेटला जर्सी धरून खाली ओढलं. शिट्टी झाली. फ्री आमच्याच कडेला, रेषेला लागून, खांबांपासून बराच लांब आणि तिरका होता. सेननच्या बाटल्यांपासून हाताच्या अंतरावर.

हा गेला की मॅच त्यांची. हे सगळ्यांना कळलं, आणि म्हणून आमची शाळा आजवर झाली नव्हती एवढी गप्प झाली. झेंड्याच्या खांबावर दोरी आपटत होती ती ऐकू येत होती. समुद्राकडून आलेला एक पक्षी ओरडला, तर पहिल्या वर्षाच्या पोरांनी त्याच्याकडे नापसंतीने पाहिलं. एमेट बॉल हातात फिरवत उभा होता. त्याचे कान लालचे पांढरे झाले होते. एवढी माणसं एका माणसाकडे बघतायत आणि त्यातलं एकही त्याच्याशी बोलत नाही, हे मी त्याआधीही पाहिलं होतं, हीटरशेजारच्या खुर्चीत. पण तिथे निदान किटलीचा आवाज असतो.

सेननने तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"मारतोस, का घरी घेऊन जातोस?"

तो आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन आला. इतकी वर्षं शेजारी बसून मला ठाऊक नव्हतं की या माणसाला एवढा आवाज आहे. शेकडो डोकी आमच्याकडे वळली. मी बाटल्यांकडे बघत राहिलो.

"तो डावा पाय कोणाचा आणलायस?" सेनन म्हणाला. "मालकाला विचारलंस का? इथून माझी आजी मारायची, एका हातानं गाय धरून. आणि ती आंधळी होती."

एमेटने मान वर केली. "कोण? गाय?"

"दोघी."

पोराच्या कानांत रंग परत आला. खांदे खाली आले. त्याने बॉल एकदा जमिनीवर आपटून हातात घेतला.

"गप बस, पाणीवाल्या," तो म्हणाला, आणि मारली.

बॉल उजव्या खांबाच्या बाहेरून निघाला, वाऱ्यात वळला आणि दांडीच्या मधोमध वरून गेला. खांबापाशी पंच म्हणून पांढरा डगला घालून उभे असलेले आमचेच लॅटिनचे सर थोडा वेळ त्या दिशेने बघत राहिले, आणि मग त्यांनी एक गुणाचा पांढरा बावटा, फार वर नाही, पण वर केला. मॅच संपली.

आमच्या पोरांनी रीतीप्रमाणे दोन ओळी करून जिंकलेल्यांसाठी मधून वाट केली आणि टाळ्या वाजवल्या. लॉंगफर्डची पोरं त्या बोळातून, पकडून नेत असल्यासारखी खाली माना घालून गेली. एमेट मात्र वळून सेननकडे आला आणि न विचारता एक बाटली उचलून प्यायला.

"बरं झालं कोणीतरी बोललं," तो म्हणाला. "खरंच आंधळी होती?"

"नव्हती. पण तुझ्यापेक्षा बरी मारायची."

"तुम्ही आमच्याकडे या मॅचला. तिकडे खूप ओरडतात."

"येईन," सेनन म्हणाला. पोरगं मिनीबसकडे पळालं. आजोबांनी टोपी डोक्यावर घातली. बस गेटातून बाहेर पडेपर्यंत आतून गाण्याचा आणि खिडक्या बडवण्याचा आवाज येत होता, आणि सेनन रिकाम्या बाटल्या खोक्यात भरत तो ऐकत होता. मी मदत केली असती, पण तो हसत होता, आणि हसणाऱ्या सेननपाशी काय बोलायचं असतं ते मला येत नव्हतं.

प्रेंडरगास्टनी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. इतिहासाच्या मजल्यावर वर्गाची टंचाई असल्याची तक्रार घेऊन मी तेव्हा तिथेच बसलो होतो, आणि बाहेर जा असं मला कोणी म्हणालं नाही.

"किकच्या वेळी, सेनन," प्रेंडरगास्ट म्हणाले. "पाहुण्या मुलावर. आईबापांसमोर. फोन येतायत मला. त्याचं लक्ष उडवायला तू ओरडलास, असं लोक म्हणतात."

"नाही."

"मग?"

जे लोक म्हणत होते ते मान्य करायचं, तर तो असभ्य ठरत होता. आमच्या कॉलेजात तसल्या असभ्यपणाला माफी असते, कारण तो निदान आपल्या बाजूने असभ्य होता.

"त्याला बरं वाटावं म्हणून," सेनन म्हणाला. "फार एकटं पडलं होतं ते पोरगं."

प्रेंडरगास्टनी चष्मा काढला. "म्हणजे त्याची किक जावी म्हणून."

"त्याला मारता यावी म्हणून."

"ती जाणं म्हणजे आपण हरणं होतं."

"हो."

"हे तुला माहीत होतं."

"स्कोअर फळ्यावर लिहिला होता, सर."

प्रेंडरगास्ट तसे दुष्ट नाहीत. त्यांनी खरंच समजून घ्यायचा प्रयत्न केला. मी त्यांच्या कपाळावर तो पाहिला. "रेषेवर उभं राहणाऱ्याला," ते शेवटी म्हणाले, "आपण कोणत्या बाजूचे आहोत हे ठाऊक असावं लागतं. तू यापुढे टीमसोबत नसावंस, हे बरं." सेननने मान हलवली. त्याने जाकीट धुऊन, घडी करून रॉसच्या खणात ठेवलं. ते पुढे एका स्पॅनिश सहायिकेला दिलं गेलं. जाकिटावर काय लिहिलंय ते तिने विचारलं, तर रॉसने 'स्वागत' असं सांगितलं.

सोमवारी स्टाफरूममध्ये, त्या खोलीच्या इतिहासात पहिल्यांदाच, गेलिकच्या मॅचवर चर्चा चालू होती. शेवटचा फ्री द्यायला हवा होता का. वारा कुठून होता. उंच बॉल एकदा तरी मारायला हवा होता की नाही. लॅटिनचे सर बावटा कोणत्या क्षणी आणि कोणत्या विचाराने वर केला ते हातवारे करून सांगत होते. गणिताच्या बाईंनी दोन चहाचे मग आणि एक साखरेची वाटी मांडून एमेटचा कोन काढला. सेननच्या गावातल्या कोणत्याही दुकानात शोभला असता असा तो सोमवार होता. तेवढ्यात दार उघडून सेनन पेपर घेऊन आत आला, आणि सगळे एकदम गप्प झाले.

तो हीटरशेजारी जाऊन बसला. पेपर उघडला. कोणीतरी किटली लावली.

पुढच्या फेरीत लॉंगफर्डची ती शाळा मैदानात उतरलीच नाही. त्यांच्या मिनीबसच्या ड्रायव्हरच्या मेहुणीचं त्या दिवशी लग्न होतं, आणि दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही.